शुश्रूषागृहाची पारख

वृद्ध आईला किंवा वडिलांना शुश्रूषागृहात ठेवण्याचा निर्णय कोणतेही घर सुखासुखी घेत नाही. इंदूर काय, बडोदे काय, बेळगाव काय; मुले दूरदेशी स्थिरावलेली, घरातील दोघेही नोकरीत, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची उठबस करावयास माणूस मिळत नाही, अशी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. मग चौकशी सुरू होते. मुलगा संस्था पाहावयास जातो ती वेळ बहुधा सकाळी अकराची. फरशी नुकतीच पुसलेली, दर्शनी भिंतीवर गणपतीची तसबीर, पलंगांवर पांढऱ्या शुभ्र चादरी आणि व्यवस्थापकांची वाणी मधाळ. मुलगा समाधानाने परततो. पण त्याने पाहिली ती इमारत. आईचे पुढील दिवस ज्या गोष्टींवर अवलंबून राहणार, त्यांतील बहुतेक त्याच्या दृष्टीस पडलेल्याच नसतात.

वैद्यकीय सेवेची प्रत जोखावी कशी, याचे पद्धतशीर विवेचन अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली एका निबंधात केले. हे बैरूत येथे जन्मलेले, आर्मेनियन वंशाचे डॉक्टर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापन करीत. सेवेकडे तीन बाजूंनी पाहावे, असे त्यांचे सांगणे: साधने काय आहेत, त्या साधनांनिशी प्रत्यक्ष केले काय जाते, आणि त्याचा रुग्णावर परिणाम काय होतो. सकाळी अकराच्या पाहुण्याला यांपैकी केवळ साधने दिसतात. नोंदणीचा दाखला भिंतीवर टांगलेला असतो, तोही मुख्यतः साधनांचीच साक्ष देतो. तो असलाच पाहिजे. पण तो पाहून चौकशी थांबवणे म्हणजे मुदपाकखान्यातील भांडी मोजून स्वयंपाकाची चव ठरवण्यासारखे आहे.

परिणाम पाहावयाचा तर तो रुग्णाच्या पाठीवर, माकडहाडावर आणि टाचांवर पाहावा लागतो. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिलेल्या माणसाच्या हाडाच्या उंचवट्यावर दाब येतो, तेथील रक्तप्रवाह अडतो आणि कातडी मरू लागते. हाच शय्याव्रण. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरप्रकृती, मनाची अवस्था, चालणेफिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण देण्याची रीत त्यांतून रूढ झाली. वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी गुण पडले, तर त्या रुग्णाला व्रणाचा धोका आहे असे समजावे. एवढ्याशा आकडेमोडीला ना यंत्र लागते ना पैसा. लागते ते रोज पाहणारे माणूस. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा जुना नेमही तसाच. आज ही वेळ रुग्णागणिक ठरवावी असे मानतात, पण कूस बदलणारे कोणी नसेल तर कोणताच नेम उपयोगी नाही.

आपल्याकडील लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कातडी लाल होणे हे व्रणाचे पहिले चिन्ह म्हणून पुस्तकांत सांगितलेले असते. सावळ्या कातडीवर ती लाली उमटून दिसत नाही. तेथे हात लावूनच पाहावे लागते. तो भाग भोवतालच्यापेक्षा उष्ण, टणक किंवा दुखरा लागतो. अर्थात प्रत्येक व्रण हयगयीमुळेच होतो असे नाही. मरणोन्मुख देहावर पराकाष्ठेची काळजी घेऊनही तो होऊ शकतो. परंतु एकाच संस्थेत चारपाच खाटांवर व्रण आढळले, तर दोष वार्धक्याच्या माथी मारता येत नाही.

आणि हे सारे संस्थेच्याच तोंडून ऐकून भागत नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील वृद्धांना विनाकारण बांधून वा गुंगीत ठेवण्यास बंदी झाली. पुढे २००८ च्या अखेरीस सरकारने या गृहांना एक ते पाच तारे देण्यास प्रारंभ केला. कल्पना चांगली होती; मात्र सेवकांची संख्या आणि रुग्णांची स्थिती यांविषयीची बरीच माहिती संस्था स्वतःच भरून देत, आणि तारे पुष्कळांचे वाढले. अखेर २०१६ पासून सेवकसंख्या पगारपत्रकाच्या आधारे मागवावी लागली. आपल्या सज्जन व्यवस्थापकांनी याचा राग मानू नये. स्वतःच्या मुलाची गुणपत्रिका स्वतः लिहावयास मिळाली तर कोणत्या बापाचा हात आखडेल?

म्हणून नातेवाइकांनी जावे ते जेवणाच्या वेळी, रविवारी, दिवेलागणीनंतर, आणि न कळवता. पाण्याचा पेला आईच्या हाताला पोचतो की खाटेच्या पायथ्याशी झाकून ठेवला आहे? कवळी तोंडात आहे की डबीत? चष्मा पुसलेला आहे काय? दुपारी चारला सारा कक्ष गाढ झोपेत असेल, तर रोजच्या गोळ्यांची यादी मागावी. वजनाची वही अवश्य पाहावी. महिन्यात शेकडा पाच घट ही धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो वजन महिन्यात उतरले, तर तिला घास भरवावयास कोणी बसत होते की ताट ठेवून ताट उचलले जात होते, हे विचारण्याचा हक्क मुलाला आहे. रात्री किती मावश्या किती खाटांना, आणि गेल्या वर्षीच्या मावश्यांपैकी आज किती उरल्या, हेही विचारावे. वारंवार माणसे बदलतात तेथे म्हातारीला चहा कसा लागतो हे कोणालाच ठाऊक नसते.

या चौकशीत खुद्द आईची साक्ष मात्र सर्वांत अवघड. ‘कशी आहेस?’ असे विचारले की ती ‘बरं आहे रे’ एवढेच म्हणते. मावशी मागे उभी असते. मुलगा सहाला निघून जाणार, आणि रात्र तिला तेथेच काढावयाची असते. तेव्हा मावशींना काही निमित्ताने बाहेर पाठवावे, खुर्ची जवळ ओढावी आणि दुसरेच विचारावे: ‘आई, काल रात्री घंटा वाजवलीस तेव्हा कोण आलं?’ मग उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे पाहू नये.