कागदावरचा हात आणि लोकरीतला हात



समोरच्या मेजावर ठेवलेले पांघरूण क्रोशाच्या सुईने विणलेले आहे. त्याच्या मध्यभागी आपल्या चंदिगढचा ‘उघडा हात’ आहे. ल कॉर्बुझिए यांनी कल्पिलेला हा हात कॅपिटॉल परिसरात १९८५ साली, त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, उभा राहिला. तो सुमारे २६ मीटर उंच असून वाऱ्याबरोबर फिरतो. लोकरीतला हात फिरत नाही. परंतु तो दोनदा विणावा लागला. पहिल्या वेळची चूक विणणारीची नव्हती. शिकविणारीची, म्हणजे माझी होती.

चौकटीच्या कागदावरून चित्र विणण्याची रीत मुळात सोपी आहे. कागदावरचे एक घर म्हणजे एक टाका. घर ज्या रंगाचे, टाका त्या रंगाचा. वाचन तळापासून सुरू होते. उजव्या हाताने विणणारीने पहिली ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी आणि काम उलटल्यावर दुसरी डावीकडून उजवीकडे. हे विसरल्यास चित्राची कड फाटल्यासारखी दिसते. रंग बदलावयाचा असेल तर चालू टाक्याचा शेवटचा फास नव्या धाग्यानेच ओढून घ्यावा. पुढचा टाका सुरू होईपर्यंत थांबल्यास जुना रंग नव्यात डोकावत राहतो.

माझ्या वर्गातील एक वृद्ध बाई नातीसाठी हे पांघरूण विणीत होत्या. त्यांची दृष्टी मंदावली होती. मी बाजारातल्या चौरस घरांच्या कागदावर ९० घरे रुंद आणि ९० घरे उंच असा हात काढून दिला. हिवाळ्यातील उन्हात नात शेजारी बसून ओळी वाचून दाखवी आणि आजी विणीत. मनगट झाले, तळवा झाला. बोटे अर्ध्याच्या वर आली तेव्हा आजींनी कामावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बेटी, मला चित्र दिसत नाही, पण ही बोटे आखूड आहेत. हा हात कुणीतरी वरून दाबला आहे.”

मी पट्टी लावून पाहिली. मुक्या खांबाच्या त्या विणीत दहा सेंटिमीटर रुंदीत १५ टाके बसत होते आणि तेवढ्याच उंचीत १८ ओळी. म्हणजे टाका चौरस नव्हताच. तो रुंद आणि बुटका होता. ९० टाक्यांची रुंदी ६० सेंटिमीटर होत होती, पण ९० ओळींची उंची अवघी ५० भरली असती. उंच खांब वापरले असते तर उलट घडून बोटे लांबोडकी झाली असती. तळहाताएवढा नमुना आधी विणून मोजला असता तर हे पहिल्याच दिवशी कळले असते. तो कंटाळा मी केला. मोजून घ्या असे विद्यार्थिनींना सांगणे आणि स्वतः मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करण्यास मला आज संकोच वाटत नाही.

कागदावरचे चित्र लोकरीत उतरविण्याचा फार मोठा प्रयोग याच शहरात झालेला आहे. १९५५ मध्ये उद्घाटन झालेल्या उच्च न्यायालयासाठी ल कॉर्बुझिए यांनी नऊ भित्तिपट योजले. आठ न्यायदालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटर आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटर, असा त्यांचा विस्तार होता. चित्रे त्यांची; विणणारे हात भारतीय कारागिरांचे. काँक्रीटच्या भिंतींवर शब्द आदळून घुमतो, तो लोकरीने शोषून घ्यावा हाही त्यामागील हेतू होता. काही न्यायमूर्तींना ती चित्रे न्यायासनामागे रुचली नाहीत, आणि काही पट उतरविलेही गेले. रुची बाजूला ठेवली, तरी न्यायालयात बोललेले नीट ऐकू यावे ही अपेक्षा मला रास्त वाटते.

पण नात ओळी वाचते आणि आजी विणते हे दृश्य पाहताना मला आठवे ती काश्मीरची ‘तालीम’. तेथे गालिच्याचे चित्र घराघरांच्या कागदावर काढतात. मग ‘तालीम’ लिहिणारा त्याचे चिन्हांत रूपांतर करतो. कोणत्या रंगाच्या किती गाठी, एवढेच त्या चिन्हांत असते. एक जण ते मोठ्याने वाचतो आणि मागावरचे विणकर त्याबरहुकूम गाठी मारतात. संपूर्ण चित्र त्यांच्या समोर नसते. ही लिपी मुळात कानी शालींच्या विणकामातील. त्या शालीत प्रत्येक रंगासाठी लहान लाकडी कांडी असते आणि त्या रंगाचा भाग आला की तीच फिरते. पांघरुणातही मी हाच मार्ग पसंत करते. न लागणारा रंग टाक्यांच्या पोटातून ओढत नेला तर पांघरूण सतरंजीसारखे ताठ होते.

आपल्या पंजाबातील ‘बाग’ भरणाऱ्या स्त्रियांना तर कागदच लागत नसे. खादीच्या उलट्या बाजूने सूत मोजीत त्या रेशमी टाके घालीत. माप त्यांना कापडच देई. कागद आपल्याला अधिक चित्रे देतो हे खरे. पण कापडाचे हे माप तो विसरायला लावतो.

असो. मी ६ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर उंच अशी घरे हाताने आखली आणि हात पुन्हा काढला. आता घरे ९० रुंद, पण १०८ उंच झाली. आजींनी काम मनगटापर्यंत उसवले. मी बोटेच तेवढी वाढवावीत असे सुचविले होते. त्यांनी ऐकले नाही. तळवा दाबलेला ठेवून बोटे लांब केली तर तो हात कुणाचाच राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते.

या वेळी मी प्रत्येक ओळ तालमीसारखी लिहून दिली: पांढरे अकरा, निळे चार, पांढरे सात. नात वाचू लागली. एके ठिकाणी तिने सातऐवजी सतरा वाचले, तेव्हा आजी सुई थांबवून म्हणाल्या, “तिथे अंगठ्याची फट आहे. पुन्हा वाच.”

पांघरूण आता आपण हातात घेऊन पाहावे. उलटी बाजूही पाहावी. मनगटाजवळ उसवलेली लोकर पुन्हा वापरल्याने थोडी पिंजलेली आहे. नात ते पांघरून झोपते, तेव्हा संध्याकाळपूर्वी मला ते परत पोहोचवायचे आहे.