घरची बोली दाराबाहेर ठेवू नका

(नाट्यशाळांच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नाट्यशाळेच्या प्रवेशावर बोलायला इंजिनिअर कशाला बोलावला, असं तुमच्या मनात आलं असेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एका नाट्यशाळेची ऑडिशन दिली आणि नापास झालो. नापास कसं होतात, हे मला नीट ठाऊक आहे. म्हणून आलोय.

आधी अर्जाचं बोलू. बारावीनंतर जायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आहे, आणि दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तिथे पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं. हिंदी-इंग्रजीची कामापुरती जाण लागते. रंगभूमीवरच्या जाणकाराचं शिफारसपत्रही लागतं. नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

सहा नाटकं फॉर्म भरायच्या महिन्यात होत नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून एकांकिका करा. पुरुषोत्तम करंडकासाठी तुमचं कॉलेज उतरत असेल तर त्यात शिरा. भूमिका नाही मिळाली तर प्रकाशयोजना करा, नेपथ्य उचला. प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, फोटो, प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. रमजानमध्ये तालमी आल्या तर इफ्तारची वेळ दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगा. आधी सांगितलं की बहुतेक वेळा सोय होते. ऐनवेळी सांगितलं की कुरबुर होते.

आता माझी ऑडिशन. मी कर्नाडांच्या ‘तुघलक’मधलं स्वगत निवडलं. का, तर मी मुसलमान, म्हणजे ते मला शोभेल! नाटक पूर्ण वाचलंच नव्हतं. एक व्हिडिओ बघून पाठ केलं, त्या नटासारखाच आवाज काढला. परीक्षकांनी मध्येच थांबवलं. विचारलं, “या प्रसंगाच्या आधी काय घडलंय?” मला सांगता येईना. मग म्हणाले, “हेच कुजबुजत करून दाखवा.” मी पुन्हा तसंच गरजलो. थांबवणं म्हणजे अपमान नसतो, हे मला फार उशिरा कळलं. सांगितल्यावर तुम्ही बदलता का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

पण खरी चूक पुढची. एका बाईंनी प्रेमानं विचारलं, “घरी कोणती भाषा बोलता? त्यात काहीतरी सांगा.” मी सोलापूरचा. घरी आम्ही दखनी बोलतो. ‘हमना’, ‘तुमना’, ‘नक्को’. आणि मी म्हणालो, “घरीही अशीच मराठी बोलतो.” साफ खोटं. “तुम्ही मुस्लिम वाटत नाही, मराठी किती छान!” हे वाक्य शाळेपासून ऐकत आलो होतो. त्या शाबासकीची इतकी सवय लागली की अम्मीची बोली मी दाराबाहेर ठेवून आत गेलो. नटाकडे शरीर आणि आवाज, एवढंच भांडवल असतं. त्यातलं निम्मं मीच लपवलं.

एनएसडीला घडवणारे इब्राहिम अल्काझी १९२५ साली पुण्यात जन्मले. वडील सौदी, आई कुवेती. हा अरब घरातला पुणेकर १९६२ ते १९७७ दिल्लीत संचालक होता आणि हिंदी रंगभूमीची पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली. तेव्हा हे आपलं क्षेत्र नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

यंदा माझी भाची ऑडिशन देतेय. दोन उतारे तयार केलेत, एक गंभीर, एक विनोदी. दोन्ही नाटकं तिनं अथपासून इतिपर्यंत वाचलीत. सोबत एक तुकडा स्वतःचा: तिची नानी बांगडीवाल्याशी घासाघीस करते, तो. दखनीत. पहिल्या फेरीत तोच बघून परीक्षक हसले, आणि पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. निकाल अजून लागायचाय.

तिच्या अब्बांनी विचारलं, “नाटक करके पेट भरता क्या?” हा प्रश्न चुकीचा नाही. तिनं भांडण केलं नाही. एक कागद पुढे ठेवला: फी किती, वसतिगृह कुठे, शिष्यवृत्ती आहे का, पुढे शिकवण्याची, आवाजाची, लेखनाची कोणती कामं मिळू शकतात, आणि नाही जमलं तर काय. अब्बा हो म्हणाले नाहीत. “जा, देख के आ,” म्हणाले. आपल्या घरात याचा अर्थ काय, तुम्हाला सांगायला नको.

मला आज नोकरी आहे, शनिवार-रविवारी नाटक आहे, तक्रार नाही. फक्त त्या बाईंच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं राहून गेलं. तुम्हाला तो प्रश्न विचारला, तर उत्तर द्या.