विमाबाजारांतील दलाल

मुलगा टेक्सासांत नोकरीस, म्हणून ग्रीन कार्ड घेऊन त्याच्याकडे कायमचे राहावयास गेलेले आईबाप आज महाराष्ट्रांत पुष्कळांच्या ओळखीचे असतात. पासष्टी उलटली असली, तरी अमेरिकेंतील वृद्धांचा ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा अशा नवागतांस पहिलीं पांच वर्षें सामान्यतः मिळत नाहीं. मग त्यांना वळावें लागतें तें सरकारनें मांडलेल्या विमाबाजाराकडे. आणि त्या बाजाराच्या वेशींतच दलाल उभा असतो. त्याची ओळख आधीं करून घेतलेली बरी.

पूर्वीं तेथें एखाद्यानें स्वतःपुरता विमा मागितला, तर बहुतेक राज्यांत कंपनी त्याच्या जुन्या दुखण्याकडे बोट दाखवून त्यास परत पाठवूं शकत असे. २३ मार्च २०१० रोजीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं सही केलेल्या कायद्यानें २०१४ पासून ही मुभा काढून घेतली. ज्या राज्यांनीं स्वतःचा बाजार उभारला नाहीं, त्यांच्यासाठीं ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हें सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजीं उघडलें. पहिल्या दिवशीं त्यावर अवघ्या सहा जणांची नोंद पार पडली! पुढें घडी बसली, आणि २०२५ सालासाठीं देशभर सुमारें २ कोटी ४० लाख लोकांनीं या बाजारांत विमा निवडला.

योजनांस कांसें, रुपें, सोनें व प्लॅटिनम अशीं नांवें आहेत. कांशाचा हप्ता कमी, पण दुखणें आल्यावर पदरचा खर्च अधिक. सोन्याचें नेमकें उलट. कोणता डॉक्टर कोणत्या योजनेंत चालतो, हें आणखी निराळें. नवख्यास हें उमगणें कठीण. म्हणून खाजगी दलालांसही आपापल्या संकेतस्थळांवरून या योजना विकण्याची परवानगी मिळाली. २०१९ च्या विम्यापासून तर सारा अर्ज तेथेंच पुरा करतां येऊं लागला. दलालामुळें हप्ता वाढत नाहीं. त्याची दलाली कंपनी देते. प्रामाणिक दलाल औषधांची यादी पाहतो, डॉक्टरांचीं नांवें पडताळतो, आणि खरोखरच उपयोगी पडतो.

परंतु दलाली मिळते ती नोंदीवर, हेंच दुखण्याचें मूळ. सरकारी साहाय्यामुळें अल्प उत्पन्नाच्या पुष्कळ कुटुंबांचा हप्ता शून्यावर आला होता. बिलच येत नाहीं, तेव्हां योजना बदलली हें कळावें कसें? शिवाय जुना अर्ज उघडावयास दलालाला नांव, जन्मतारीख व राज्य एवढें ठाऊक असलें कीं पुरत असे. परिणाम असा कीं, २०२४ च्या पहिल्या आठ महिन्यांत परस्पर योजना बदलल्याच्या सुमारें १ लाख ८३ हजार आणि परस्पर नवी नोंद केल्याच्या सुमारें ९० हजार तक्रारी सरकारकडे आल्या.

या आंकड्यांमागें माणसें आहेत. नेहमीचा डॉक्टर ‘तुमचा विमा येथें चालत नाहीं’ असें सांगतो. वर्षाच्या मध्यांतच पदरचा खर्च पुन्हां पहिल्यापासून मोजला जातो. दलालानें उत्पन्न खोटें लिहिलें असेल, तर घेतलेलें साहाय्य कर भरतेवेळीं विमेदारालाच परत करावें लागूं शकतें. लेखणी दुसऱ्याची, भुर्दंड मात्र याला!

जुलै २०२४ मध्यें सरकारनें नियम कडक केला. ज्या दलालाचा अर्जाशीं आधीं संबंध नाहीं, त्यास फेरफार करावयाचा, तर दलाल, विमेदार व सरकारी मदतकेंद्र या तिघांचें एकाच वेळीं दूरध्वनीवर बोलणें व्हावें, असें ठरलें. त्या ऑक्टोबरपर्यंत ८५० दलालांस बाजारांत मज्जावही झाला.

तरीही पहारा शेवटीं ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. कांहीं दलालांकडे अल्पमुदतीचे स्वस्त विमेही असतात. त्यांस हा कायदा लागू नाहीं, व जुनें दुखणें ते नाकारूं शकतात. म्हणून ‘ही योजना सरकारी बाजारांतली आहे काय?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. अर्जांतील उत्पन्नाचा आंकडा स्वतः वाचावा. नोंद झाल्यावर सरकारी संकेतस्थळावर आपलें खातें अधूनमधून पाहावें. आणि परदेशीं असलेल्या आईबापांच्या मुलांनीं हें काम दलालावर सोंपवून निर्धास्त होऊं नये. संध्याकाळीं घटकाभर त्यांच्याजवळ बसून तो कागद त्यांना मराठींत समजावून सांगावा.