‘हॅगर्ड’ : एका शब्दाची जन्मकथा



शब्दांवर बोलण्याचा अधिकार पंडितांचा. आम्ही इंग्रजी शिकलो ते मालकांच्या नोटिसा वाचता वाचता, शब्दकोश मांडीवर घेऊन. एकदा चौकशीच्या एका कागदात रात्रपाळीच्या कामगाराविषयी शेरा आढळला : हा इसम ‘हॅगर्ड’ दिसतो, सबब कामास नालायक. कोश उघडला. अर्थ मिळाला : ओढलेला चेहरा, खोल गेलेले डोळे. पण त्याखालीच या शब्दाची जन्मकथा होती, ती वाचून आम्ही चकित झालो.

हा शब्द मुळात माणसाचा नव्हेच, तो ससाण्याचा. सोळाव्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ससाणे पाळून शिकार करणारे लोक घरट्यातून उचललेल्या पिलाला निराळे नाव देत. आणि रानात वाढून, पिसे पालटल्यावर पकडलेल्या पक्ष्याला ‘हॅगर्ड’ म्हणत. तो स्वतःच्या शिकारीवर जगलेला. म्हणून तरबेज, पण माणसाळायला कठीण.

मग त्याला वठणीवर कसे आणीत? उपाशी ठेवून आणि झोपू न देऊन! शेक्सपिअरच्या ज्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘त्राटिका’ रचले, त्यात नवरा बायकोवर हाच उपाय चालवतो आणि तिला असाच ससाणा म्हणतो.

पुढे पक्ष्याची रानटी नजर माणसाच्या डोळ्यांत दिसू लागली. फ्रेंचमध्ये आजही हा शब्द भांबावलेल्या नजरेला लावतात. इंग्रजीत मात्र तो काळजीने, जागरणाने खंगलेल्या चेहऱ्यावर येऊन बसला. इंग्रजीत चेटकिणीला ‘हॅग’ म्हणतात. त्या जवळिकीनेही अर्थाला वळण मिळाले असावे, असे कोशकार मानतात.

आजचा अर्थ त्या पक्ष्याच्या जागरणातूनच निघाला, असा आमचा दावा नाही. पण त्या कथेने आम्हांला एक प्रश्न शिकवला. कागदाने चेहरा नोंदला. त्याला जागवले कोणी, हे नोंदले नव्हते. आम्ही चौकशीत हजेरीपुस्तक मागितले. ओळीने रात्रपाळ्याच रात्रपाळ्या! ‘नालायक’ हा शेरा मागे घ्यावा लागला.

मंडळी, थकलेला चेहरा हा माणसाचा दोष म्हणून वाचू नका. आधी त्याच्या रात्रींचा हिशेब विचारा.