संचातली चौथी तबकडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

पहिल्या रांगेत बसलेले आपले गुरुजन, आणि केस पिकले तरी सवयीने मागच्याच बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या १९७८ च्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या रेकॉर्डच्या छंदावर दहा मिनिटं बोल. पण दहाच." आमच्या घरी या विषयावर मला दोन मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा दहा म्हणजे चैन आहे.

सगळे मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "अरे, या जुन्या रेकॉर्ड तुला मिळतात कुठे?" सरळ उत्तर असं, की पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर मिळतात. पण तिथे आपल्या आधी व्यापारी पोचलेला असतो आणि आपल्या डोळ्यांतली चमक बघून तो भाव सांगतो. म्हणून मी हळूहळू वेगळीकडे शोधायला लागलो. अनुभवाने एक नियम सापडला. गाणं कुणाला आवडत होतं हे शोधू नका, गाणं कुणाच्या धंद्याला लागत होतं ते शोधा.

लग्नाच्या बँडवाल्याला नवं गाणं बसवायला रेकॉर्ड लागायची. टॉकीजवाल्याला खेळ सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात लावायला लागायची. इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र असायचं, त्याला लहान तबकड्या लागायच्या. आणि सर्वांत मोठा साठा असायचा तो मंडपवाल्याकडे, कारण लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, सगळीकडे लाउडस्पीकर त्याचाच. कॅसेट आल्या तेव्हा या मंडळींनी रेकॉर्ड पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि विसरून गेले. एका ठिकाणी तर मला रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली रेकॉर्ड मिळाली. मालकीणबाईंनी अट घातली, आधी दुसरं झाकण आणून द्या. मी स्टीलचं ताट नेऊन दिलं. व्यवहार दोघांनाही फायद्याचा झाला.

थोडं तबकड्यांबद्दल सांगतो. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर ख्याल गाणाऱ्यांना तेवढ्यात सगळं मांडावं लागायचं. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या, तेव्हा शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव लावायचं हे कळावं म्हणून ही सोय. आज तो आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, पण मुळात ती कारकुनी सोय होती.

लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. नंतरच्या लाँग प्ले रेकॉर्ड व्हिनाइलच्या. त्या फुटत नाहीत, पण उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवल्या, एकावर एक रचल्या, की वाकतात. दोन्ही प्रकार उभे ठेवायचे, शाळेतल्या वह्यांसारखे.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या मंडपवाल्याच्या मुलाचा फोन आला. गोदाम पाडायचं होतं. "काका, वडलांच्या रेकॉर्ड आहेत, बघता का?" मी गेलो. पोत्यात बहुतेक सिनेमाची गाणी होती. तळाशी एक लाँग प्ले निघाली, गीतरामायणाच्या संचातली. बाजारात हिला फार किंमत नाही, घरोघरी होती. मी बाजूला ठेवणार, तेवढ्यात पाकिटाच्या कोपऱ्यावर शिक्का दिसला. आपल्या शाळेचा. त्याखाली जांभळ्या शाईत, आपल्या संगीताच्या बाईंच्या वळणदार अक्षरात आकडा होता, चार.

तुमच्यापैकी काही जणांना आता आठवलं असेल.

आपण आठवीत होतो. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गणीतून घेतलेल्या संचातली चौथी रेकॉर्ड कपाटात नव्हती. मी वर्गाचा मॉनिटर. कार्यालयात मला विचारलं, संगीताच्या खोलीत शेवटी कोण होतं? मी एका मुलाचं नाव सांगितलं. ते खरंच होतं, तो पेटी ठेवायला गेला होता. पण त्याच्या काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, हेही मी सांगितलं. ते मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वडलांना बोलावलं. ते एसटीत कंडक्टर होते. त्यांनी दोन हप्त्यांत पैसे भरले. पोराला समूहगीतातून काढलं. आपण कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोललो नाही आणि त्याला एक नावही ठेवलं. ते नाव मी आज उच्चारणार नाही.

रेकॉर्ड कुठे होती? संमेलनाला लाउडस्पीकर मंडपवाल्याचा होता. मध्यंतरात लावायला म्हणून शाळेची रेकॉर्ड खाली दिली गेली आणि रात्री आवरताना त्याच्या रेकॉर्डमध्ये मिसळून गेली. त्याने चोरली नाही, कुणीच चोरली नाही. एवढं साधं होतं. लाउडस्पीकरवाल्याकडे जाऊन विचारावं, हे तेव्हा कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही. एक नाव हातात मिळालं होतं, मग शोधायचं कशाला?

मी त्याला शोधून काढलं. रेकॉर्डपेक्षा ते अवघड गेलं. त्याच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ पाकिटावरचा शिक्का बघत राहिला. म्हणाला, "बाबांना कळायला हवं होतं रे." त्याचे वडील त्याआधी सहा वर्षं गेले होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. निघताना त्याने विचारलं, "वाजते का?" मी म्हटलं, वाजते. दुसऱ्या बाजूला थोडी खरखर आहे.

तो आज सभागृहात आहे. आपलं नाव घेऊ नये असं त्याने मला बजावलंय. पण ही गोष्ट इथे, तुम्हा सगळ्यांसमोर सांगायला त्याची परवानगी आहे. कारण नाव पडलं होतं ते सगळ्यांसमोर.

बाई, तुमची चौथी रेकॉर्ड मी परत आणलीय. तुम्ही परवा फोनवर म्हणालात की त्या मुलाने घेतली असेल असं तुम्हाला कधी वाटलं नव्हतं. हे त्याला आज तुम्ही स्वतः सांगा, एवढी विनंती. संच आता पुरा झाला, आणि तो शाळेच्या वाचनालयात राहणार आहे.

मित्रहो, दुर्मिळ रेकॉर्ड म्हणजे महाग रेकॉर्ड, असं मी पूर्वी समजत होतो. आता समजत नाही. तुमच्या घरी माळा असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा स्वतः वर चढा. पाकिटं उलटून बघा. कुणाचं अक्षर आहे, कुणाचा शिक्का आहे, बघा. नको असेल तर मला कळवा, मी येतो. झाकण घेऊन येतो.

दहा मिनिटांची बारा झाली. मॉनिटरने वेळ मोडली म्हणून तक्रार करायची असेल तर जरूर करा.