गुबगुबीत मूल आणि रक्तवाहिन्या



गुबगुबीत मूल दिसलं की आपण म्हणतो, ‘खात्यापित्या घरचं आहे.’ पण लठ्ठपणाचा त्रास रक्तवाहिन्यांना लहानपणीच सुरू होतो. अमेरिकेतील बोगालुसा गावी १९७३ पासून मुलांची तपासणी झाली. त्यांपैकी जे पुढे तरुणपणीच दगावले, त्यांच्या शवविच्छेदनात दिसले की वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जितके जास्त, तितके रक्तवाहिन्यांच्या अस्तरात चरबीचे थर जास्त. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

पण घाबरायचं कारण नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठेपणी लठ्ठपणा न राहिलेल्यांचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच आढळला. तेव्हा आम्ही एवढंच सांगू : मुलांना उपाशी ठेवू नका, चिडवू नका. वेफर्स, कोल्ड्रिंक कमी करा, भाकरी-उसळ द्या, आणि रोज तासभर मैदानात खेळू द्या.