थंड तें ताजें नव्हे

मद्यगृहांतील पिंपाची तोटी उघडून पेल्यांत घेतलेली बिअर आणि तीच घरीं नेऊन दुसऱ्या दिवशीं प्यालेली बिअर, यांत पुष्कळदां जमीनअस्मानाचें अंतर पडतें. पहिलीच्या माथ्यावर फेंस असतो व घोट घेतांच जिभेला चुरचुर जाणवते. दुसरी मिळमिळीत लागते, आणि केव्हां केव्हां तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वासहि येतो. गृहस्थ म्हणतो, भांडें चांगलें नव्हतें, बिअर गार राहिली नाहीं. मग तो बाजारांतून दुहेरी भिंतीचें महागडें भांडें घेऊन येतो. बिअर आतां उत्तम गार राहते. परंतु मिळमिळीत ती मिळमिळीतच! या अनुभवाचें मूळ एका साध्या गैरसमजांत आहे. थंड तें ताजें, असें सर्वसाधारणपणें समजलें जातें. वस्तुतः थंडपणा आणि ताजेपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि भांडें निवडतांना दोहोंचाहि विचार करावा लागतो.

पिंपांतील बिअर घरीं नेण्याच्या या भांड्याला अमेरिकेंत ग्राउलर म्हणतात. ग्राउल म्हणजे गुरगुरणें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील शहरांत कामकऱ्यांच्या घरीं बिअर हवी झाली, कीं एखाद्या पोराच्या हातीं कडीचा पत्र्याचा डबा देऊन त्याला जवळच्या गुत्त्यावर पिटाळीत. वाटेनें डबा हिंदकळे आणि बिअरमधील वायु झांकणाच्या फटींतून गुरगुरत बाहेर पडे, म्हणून डब्याला हें नांव पडलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे: गुरगुर ऐकूं आली म्हणजे बिअरचा प्राण चालला असें समजावें! पुढें १९२० पासून १९३३ पर्यंत त्या देशांत दारूबंदी होती, आणि ती उठल्यावर बाटल्या व डबे यांचा प्रसार होऊन पत्र्याचा डबा मागें पडला. १९८९ सालीं वायोमिंग राज्यांतील एका लहानशा बिअरच्या कारखान्यानें अर्ध्या गॅलनची कांचेची बाटली प्रचारांत आणली, आणि जुनें नांव नव्या भांड्याला चिकटलें. आजचा नेहमींचा ग्राउलर त्याच मापाचा, म्हणजे सुमारें १.९ लिटरचा असतो. त्याच्या निम्म्या मापाचाहि मिळतो.

बिअरचे शत्रु चार. पहिला शत्रु उष्णता. तिच्या योगानें बिअर शिळी होण्याची क्रिया वेगानें चालते. दुसरा प्रकाश. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप नांवाच्या फुलांतील द्रव्यांवर ऊन पडलें म्हणजे त्यांचें विघटन होऊन एक दुर्गंधी पदार्थ उत्पन्न होतो. त्याचा वास अमेरिकेंतील स्कंक या प्राण्याच्या वासासारखा असतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी कांचेच्या कां करतात, हें यावरून लक्षांत येईल. पांढऱ्या व हिरव्या कांचेंतून तो घातक प्रकाश बराचसा आंत शिरतो. तिसरा शत्रु हवेंतील प्राणवायु. पुठ्ठ्यासारखा वास येतो तो त्याच्यामुळें. चौथा म्हणजे गळती, कारण बिअरमध्यें विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला कीं चुरचुरहि गेली आणि फेंसहि गेला.

दुहेरी भिंतीचें निर्वात भांडें यांपैकीं पहिल्या दोन शत्रूंचा पुरता बंदोबस्त करतें. ही युक्ति जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाची. द्रवरूप केलेले वायु सांठविण्यासाठीं त्यानें १८९२ सालीं लंडन येथें कांचेचें दुहेरी भांडें तयार करून दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. मध्यें हवाच नसली म्हणजे उष्णतेला एका भिंतीवरून दुसरीवर जाण्यास वाहन उरत नाहीं. आणि आंतील पृष्ठभाग चकचकीत असला म्हणजे किरणांच्या रूपानें येणारी उष्णताहि परत फिरते. पुढें १९०४ सालीं जर्मनींत हेंच भांडें थर्मास या नांवानें विक्रीस आलें, आणि १९१३ सालीं विल्यम स्टॅन्ले या अमेरिकन संशोधकानें कांचेऐवजीं पोलाद वापरलें. आजचा पोलादी ग्राउलर हा त्याच कुळांतला. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. हें भांडें थंडी उत्पन्न करीत नाहीं. बाहेरची उष्णता आंत येण्यास तें विलंब लावतें, एवढेंच. म्हणून कोमट भांड्यांत बिअर भरूं नये. आधीं त्यांत बर्फाचें पाणी कांहीं वेळ ठेवून तें गार करून घ्यावें.

उरलेले दोन शत्रु, म्हणजे प्राणवायु आणि गळती, यांच्याशीं भिंतीचा कांहींच संबंध नाहीं. तेथें सारी मदार झांकणावर आणि भरणाऱ्याच्या हातावर असते. फिरकीच्या तांब्याची परीक्षा जशी त्याच्या फिरकीवरून, तशीच याचीहि. झांकणाचे आटे खोल असावेत, वायसर जाड व लवचिक असावा, आणि भांडें भरून उलटें केलें असतां थेंबहि गळूं नये. तोंड हात आंत जाण्याइतकें रुंद असलें तर धुण्यास सोयीचें, परंतु झांकणाची कड तितकीच लांब होते व गळतीची धास्ती वाढते. भरतांना तोटीला नळी लावून ती तळापर्यंत सोडावी आणि बिअर खालून वर चढूं द्यावी. शक्य तर आधीं भांड्यांत कार्बन डाय-ऑक्साइड सोडून हवा हांकलून द्यावी. वरून धार धरून भरली तर बिअर खळबळून हवेंत मिसळते, आणि मग कितीहि किंमतीचें भांडें असलें तरी त्याचा उपयोग नाहीं.

आतां जिवाच्या काळजीची गोष्ट. द्रव थंड असतो तेव्हां त्यांत वायु अधिक विरघळतो. शून्य अंश सेंटिग्रेडला एक लिटर पाण्यांत सुमारें १.७ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड मावतो. वीस अंशांवर जेमतेम ०.९ लिटर. तेव्हां गच्च बंद केलेलें भांडें उन्हांत किंवा तापलेल्या मोटारींत राहिलें, तर सुटलेला वायु आंतील दाब फार वाढवितो. कांचेची बाटली अशा वेळीं फुटून तुकडे उडतात. पोलादी भांडें सहसा फुटत नाहीं, परंतु झांकण उडून तोंडावर बसण्याचा संभव असतो. चहा-कॉफीसाठीं केलेला साधा थर्मास फसफसणाऱ्या पेयाला वापरूं नये, तो याच कारणानें. घेतांना भांडें वायूच्या दाबासाठीं बनविलेलें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. भरतांना वर थोडी जागा मोकळी ठेवावी, आणि उघडतांना तोंड दूर धरून झांकण हळूहळू फिरवावें.

भांडें अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस पोलादाचें असलें म्हणजे त्याला चव वा वास लागत नाहीं. त्यांतील निर्वात जागा शाबूत आहे कीं नाहीं, याची परीक्षा घरींहि करतां येते. कढत पाणी भरून झांकण न लावतां पांच मिनिटांनीं बाहेरून हात लावावा. भिंत गरम लागली, तर आंत हवा शिरली असें खुशाल समजावें. धुतांना क्लोरीनयुक्त द्रव्य वापरूं नये, कारण त्यानें पोलादाला खड्डे पडतात. वायसर काढून निराळा धुवावा, आणि भांडें झांकण उघडें ठेवून वाळवावें.

इतकें करूनहि बिअर दोन-तीन दिवसांत संपवावी, आणि एकदां उघडली कीं त्याच दिवशीं. अर्धें रिकामें भांडें म्हणजे अर्धें हवेनें भरलेलें भांडें होय. म्हणून घरांत पिणारीं माणसें दोनच असतील तर मोठ्या मापाचा मोह सोडून लहान भांडें घ्यावें. उत्तम भांडें शिळ्या बिअरला ताजी करीत नाहीं. ताज्या बिअरला तिच्या घटकेपर्यंत सांभाळतें, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा करणें योग्य.